खरेदीच्या मॅच-थ्री खेळात यादी वेळेत कशी संपवायची

मॅच-थ्री म्हणजे शेजारच्या दोन वस्तूंची अदलाबदल करून तीन सारख्या एका ओळीत आणायच्या; त्या उडतात आणि वरच्या वस्तू खाली सरकतात. खरेदीच्या प्रकारात यादीत मागितलेल्या वस्तू ठरलेल्या चालींत जमवायच्या असतात. लेव्हल उघडली की नजर आपोआप बोर्डावर जाते. ती तिथून उचलून आधी खरेदीच्या यादीवर न्या. हिरे-माणकं जुळवण्याच्या साध्या खेळात कुठलेही तीन जुळले तरी गुण मिळतात आणि गाडी पुढे जाते. खरेदीच्या खेळात तसं नसतं. यादीत पर्स आणि बूट मागितले असतील तर टोप्या कितीही उडवा, लेव्हल संपत नाही. समोर दिसेल ती चाल खेळत राहायची आणि शेवटी पाच पर्स कमी पडायच्या, या खेळात लोक बहुतेक वेळा असेच हरतात.

म्हणून पहिली चाल खेळण्याआधी एक छोटा हिशेब करा. समजा यादीत २४ पर्स आणि १८ बूट आहेत आणि चाली २० आहेत. एका साध्या जुळणीत तीन वस्तू मिळतात, म्हणजे पर्ससाठी ८ आणि बुटांसाठी ६, एकूण १४ जुळण्या. हाताशी ६ चाली मोकळ्या राहिल्या. लेव्हल किती अवघड आहे हे या मोकळ्या चालींवरून कळतं. त्या सहा असतील तर विशेष तुकडे (चार-पाच वस्तू जुळवल्या की मिळणारे, एकदम बऱ्याच वस्तू साफ करणारे) बनवायला सवड आहे. यादी ३६ पर्स आणि २७ बुटांची असेल तर १२ आणि ९ मिळून २१ जुळण्या लागतात आणि चाली मात्र २० असतात. अशी लेव्हल साध्या जुळण्यांवर सुटणं फार अवघड. तिथे पहिल्या चालीपासून चार-चार आणि पाच-पाच जुळवण्याच्या मागे लागावं लागतं.

चाल नेमकी कुठे असते

नेहमीचा बोर्ड आठ बाय आठचा, म्हणजे ६४ घरांचा. शेजारशेजारच्या दोन वस्तूंची अदलाबदल करायची, आडवी किंवा उभी. तिरकी अदलाबदल चालत नाही. अदलाबदलीतून तीन जुळले नाहीत तर वस्तू आपापल्या जागी परत जातात आणि बहुतेक खेळांत चाल मोजली जात नाही. अशा शेजारच्या जोड्या ६४ घरांत ११२ असतात. त्या सगळ्या एकेक करून तपासणं शक्य नाही, त्यामुळे दोन आकार डोळ्यांत बसवून घ्या.

पहिला आकार म्हणजे शेजारी-शेजारी दोन सारख्या वस्तू. या जोडीच्या प्रत्येक टोकाला लागून असलेली एक जागा धरा. त्या जागेत तिसरी वस्तू तीन बाजूंनी येऊ शकते. दोन टोकं मिळून सहा जागा झाल्या, तेवढ्याच बघायच्या. दुसरा आकार म्हणजे मध्ये एक घर सोडून दोन सारख्या वस्तू. इथे तिसरी फक्त मधल्या घराच्या दोन बाजूंनी येऊ शकते. आडव्या जोडीत वरून किंवा खालून, उभ्या जोडीत डावीकडून किंवा उजवीकडून. हा दुसरा आकार डोळ्यांतून फार निसटतो, कारण जोडी शेजारी नसल्यामुळे ती जोडी वाटतच नाही. ‘चालच दिसत नाहीये’ असं वाटेल तेव्हा आधी हाच आकार शोधा.

खरेदीच्या खेळात आणखी एक अडचण येते. हिऱ्यांचे रंग वेगळे असतात, पण इथे लाल पर्स, लाल सँडल आणि लाल टोपी एकाच बोर्डावर भेटतात. रंगावर भरवसा ठेवू नका, वस्तूच्या बाहेरच्या आकाराने ओळखा. पर्सचा वरचा कान, बुटाचं टोक, अत्तराच्या बाटलीची निमुळती मान अशी एकेक खूण धरली की वेग वाढतो. रंग ओळखायला त्रास होणाऱ्यांसाठी काही खेळांच्या सेटिंगमध्ये ठळक खुणांचा पर्याय असतो. तसा त्रास नसला तरी तो चालू करून बघा, डोळे कमी थकतात.

चार आणि पाच जुळवताना होणारी चूक

बहुतेक खेळांत एका ओळीत चार जुळले की पूर्ण आडवी किंवा उभी रांग साफ करणारा तुकडा मिळतो. इंग्रजी एल किंवा टी अक्षराच्या आकारात पाच जुळले की आजूबाजूची घरं उडवणारा, आणि सरळ ओळीत पाच जुळले की एका जातीच्या सगळ्या वस्तू उचलणारा तुकडा मिळतो. कुठे त्याला कूपन म्हणतात, कुठे गिफ्ट बॉक्स, काम तेच.

चार जुळवायला ‘दोन, एक घर मोकळं, मग एक’ अशी मांडणी लागते (मोकळं म्हणजे तिथे दुसरीच वस्तू) आणि मोकळ्या घराच्या वर किंवा खाली चौथी वस्तू लागते. ती चौथीच आत आणायची. घाईत लोक ओळीतली पलीकडची तिसरी वस्तू आत सरकवतात. तीन जुळतात, उडतात, आणि वर थांबलेली चौथी वाया जाते. पाचासाठी मांडणी ‘दोन, मोकळं घर, दोन’ अशी असते आणि पाचवी वरून किंवा खालून येते. ही मांडणी तयार असेल तर तिला धक्का लागेल अशी एकही चाल त्या पाच स्तंभांत, त्या ओळीच्या खाली, खेळू नका.

पाचाच्या तुकड्याची किंमत साध्या भागाकारातून कळते. बोर्डावर वस्तूंच्या सहा जाती असतील तर ६४ घरांत प्रत्येक जातीच्या सरासरी १० ते ११ वस्तू असतात. म्हणजे हा तुकडा पर्सबरोबर बदलला तर एका चालीत सुमारे दहा पर्स मिळाल्या, तीन जुळण्यांपेक्षा जास्त. वापरण्याआधी बोर्डावरच्या पर्स खरंच मोजा. पाचच दिसत असतील तर दोन-तीन चाली थांबा. तेवढ्यात वरून भर पडते.

दोन विशेष तुकडे शेजारी आले की त्यांची आपसांत अदलाबदल करता येते आणि परिणाम बराच मोठा होतो. आडवी रांग आणि उभी रांग साफ करणारे दोन तुकडे एकत्र आले तर क्रॉसमध्ये १५ घरं साफ होतात. पण विशेष तुकडा बोर्डावर उघडा पडलेला असतो. शेजारच्या आपोआप होणाऱ्या जुळणीत सापडला तर तो तिथेच फुटतो. म्हणून तुकडा बनला की पुढच्या चाली त्याच्या वरच्या भागात खेळा.

खाली खेळायचं की वर

खाली जुळणी केली की वरच्या सगळ्या वस्तू सरकतात, नवीन शेजार तयार होतात आणि त्यातून आपोआप आणखी जुळण्या होतात. यालाच कॅस्केड म्हणतात. वर जुळणी केली तर बाकीचा बोर्ड जागच्या जागी राहतो. त्यामुळे ‘नेहमी खाली खेळा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला अर्धाच बरोबर आहे. कुठे खेळायचं हे बोर्डावर किती जाती आहेत त्यावर ठरवावं.

आठ बाय आठच्या बोर्डात सलग तीन घरांच्या आडव्या ४८ आणि उभ्या ४८, अशा ९६ पट्ट्या असतात. एखादी पट्टी योगायोगाने एकाच जातीची निघण्याची शक्यता पाच जातींत २५ मध्ये एक, सहा जातींत ३६ मध्ये एक आणि सात जातींत ४९ मध्ये एक. म्हणजे बोर्ड कसाही भरला तर पाच जातींत सरासरी जवळपास चार पट्ट्या आपोआप जुळतात, सहा जातींत तीनपेक्षा थोड्या कमी, सात जातींत जेमतेम दोन. खेळ सुरुवातीला त्या दिसू देत नाही, पण वस्तू कोसळतात तेव्हा हाच हिशेब लागू होतो. म्हणून पाच जातींच्या लेव्हलमध्ये बिनधास्त तळाशी खेळा, अर्धं काम कॅस्केड करतील. सात जाती असतील तर नशिबाची साथ कमी. तिथे वरच्या भागात, मांडणी न मोडता, एकेक चाल ठरवून खेळणं जास्त फायद्याचं. जाती किती आहेत हे पहिल्या बोर्डावर मोजायला दहा सेकंद लागतात.

आता सरकण्याचं गणित. आडव्या जुळणीने तीन स्तंभ एकेक घर खाली येतात. उभ्या जुळणीने एकच स्तंभ तीन घरं खाली येतो. हे डोक्यात असेल तर वस्तू हवी तिथे उतरवता येते. समजा पहिल्या आणि दुसऱ्या स्तंभात एकाच ओळीत दोन पर्स आहेत आणि तिसऱ्या स्तंभातली पर्स त्या ओळीपेक्षा दोन घरं वर आहे. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या स्तंभात त्या पर्सच्या खाली कुठेही आडवी जुळणी करा. ती एक घर खाली येते आणि पुढच्या चालीत जोडीला लागते. हीच जुळणी जोडीच्या खाली दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या स्तंभात केली तर जोडीतली दुसरी पर्सही खाली घसरते आणि जोडी मोडते. चाल खेळण्याआधी ‘कोणते स्तंभ हलणार’ एवढं बघायची सवय लावली तरी खेळ पुष्कळ सुधारतो.

यादीतल्या वस्तूंचा तोल

नवे खेळाडू एक वस्तू आधी पूर्ण करून टाकतात. बूट संपले, खूण लागली, बरं वाटतं. पण सहा जातींच्या बोर्डात दोन जाती हव्या असताना वरून पडणारी दर तिसरी वस्तू कामाची असते. एक जात पूर्ण झाली की दर सहावीच कामाची उरते. शेवटच्या सहा-सात चाली कोरड्या जातात त्या यामुळेच. ज्या वस्तूचा आकडा जास्त उरलेला असेल तिच्यामागे आधी लागा, म्हणजे दोन्ही साधारण एकदमच संपतील. वर दिलेल्या उदाहरणात पहिल्या काही चालींत पर्सचा आकडा बुटांच्या बरोबरीला आणणं, हे पहिलं उद्दिष्ट.

यादीबाहेरच्या वस्तू कधी उडवाव्यात? त्यातून विशेष तुकडा बनत असेल, हवी ती वस्तू खाली येऊन जुळत असेल, किंवा अडथळा फुटत असेल तर. नुसती जागा मोकळी करायला नको. तीन टोप्या उडवल्या की वरून तीन नव्या वस्तू येतात आणि सहा जातींत त्यातली पर्स सरासरी अर्धीच पडते.

अडथळे

खोकी आणि गुंडाळलेली पार्सलं शेजारी जुळणी झाली की फुटतात. काहींना एक धक्का पुरतो, काहींना दोन-तीन. साखळीने किंवा कुलपाने बांधलेली वस्तू हलवता येत नाही, पण ती जुळणीत धरता येते. म्हणजे दोन मोकळ्या पर्स तिच्याजवळ आणायच्या. कोपऱ्यातली खोकी सगळ्यात आधी घ्या. मधल्या घराला चार शेजार असतात, कोपऱ्याला दोनच, त्यामुळे तिथे जुळणी लावणं नेहमीच कठीण. लेव्हल शेवटाला आल्यावर कोपऱ्यातलं एक खोकं राहून जाणं हे हरण्याचं दुसरं मोठं कारण आहे.

काही लेव्हलमध्ये एखादी वस्तू तळाच्या काउंटरपर्यंत उतरवायची असते. तिच्या खाली तीन किंवा जास्त घरं असतील तर उभी जुळणी करा, एका चालीत ती तीन घरं उतरते. दोनच घरं उरली असतील तर तिच्या खाली उभी जुळणी बसत नाही, दोन आडव्या कराव्या लागतात. तिसरा मार्ग बरेच जण विसरतात. ती वस्तू खालच्या शेजाऱ्याबरोबर बदलायची, मात्र वर जाणाऱ्या वस्तूने तिथे तीनची जुळणी व्हायला हवी. काउंटरची खूण सगळ्या स्तंभांखाली नसते, हेही बघून ठेवा. वस्तू चुकीच्या स्तंभात उतरली तर तिला बाजूला सरकवण्यात दोन-तीन चाली जातात.

हिंट, नाणी आणि शेवटच्या चाली

काही सेकंद हात थांबला की खेळ एखादी जोडी हलवून दाखवतो. ही हिंट फक्त एवढंच सांगते की इथे नियमात बसणारी चाल आहे. ती चांगली आहे असं नाही. उत्तम चाल शोधणं संगणकालाही सोपं नाही. मॅच-थ्री प्रकारचे खेळ गणिताच्या भाषेत ‘एनपी-हार्ड’ आहेत, म्हणजे ते झटपट सोडवायची खात्रीची रीत कुणालाच माहीत नाही; हे इटलीतल्या तीन संशोधकांनी २०१४ मध्ये सिद्ध केलं. खरोखरच एकही चाल उरली नाही तर बहुतेक खेळ बोर्ड आपोआप पिसतात. ते पिसणं चालीत मोजलं जातं का, हे पहिल्यांदा घडेल तेव्हा आकड्याकडे बघून लक्षात ठेवा.

मिळालेली नाणी लेव्हल सुरू होण्याआधीच्या बूस्टरवर, म्हणजे विकतच्या मदतीवर, घालवू नका. त्या वेळी बोर्ड कुठे अडेल हे ठाऊक नसतं. एकच वस्तू फोडणारा हातोडा शेवटच्या तीन चालींत फार मोलाचा ठरतो. जादा पाच चाली विकत घ्याव्यात का, याची साधी कसोटी अशी: उरलेल्या वस्तू तीनने भागा, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक धरा. उत्तर तीन किंवा कमी आलं तर घ्या. चार-पाच आलं आणि बोर्डावर विशेष तुकडा नसेल तर नव्याने सुरू करणं बरं. दुकान सजवायच्या वस्तू, नवे कपडे यांचा जुळणीशी संबंध नसतो. त्या आवडीने घ्या, पण हातोड्यापुरती नाणी बाजूला ठेवून.

पाच चाली उरल्या की तळाशी खेळणं थांबवा आणि प्रत्येक उरलेल्या वस्तूसाठी नेमकी जुळणी बोटाने दाखवता येते का ते बघा. येत नसेल तर जपून ठेवलेले विशेष तुकडे आता वापरायचे. ते शिल्लक ठेवून लेव्हल हरण्यात काही अर्थ नाही. वेळेच्या लेव्हलमध्ये मात्र हे सगळं उलटं. तिथे विचारात गेलेला प्रत्येक सेकंद महाग, म्हणून तळाशी भराभर खेळा. वस्तू पडत असतानाच पुढची चाल घेता येते का, हे एकदा आजमावून बघा.

समोरचा खेळ या प्रकारचाच नसेल तर

खरेदीच्या नावाखाली ब्राउझरवर आणखी दोन-तीन खेळ सापडतात. खाली सात घरांचा ट्रे असेल आणि ढिगातून वस्तू उचलून तीन-तीन जमवायच्या असतील तर लक्षात ठेवा: ट्रेमध्ये तीन जातींच्या दोन-दोन वस्तू झाल्या की सहा घरं भरली, आणि सातवी वस्तू त्याच तीन जातींतली हवी. ती ढिगात मोकळी दिसत नसेल तर हरलातच. म्हणून दोन जाती अर्धवट असताना तिसरी उघडण्याआधी तिच्या तिन्ही वस्तू वरच दिसतात का ते तपासा.

माहजाँगसारख्या जोड्यांच्या खेळात टाइल मोकळी असायला तिच्यावर काही नको आणि डावी किंवा उजवी एक बाजू रिकामी हवी. जुन्या पद्धतीच्या मांडणीत १४४ टाइल्स असतात आणि बहुतेक चित्रं चार-चार वेळा येतात. चारही मोकळ्या असतील तर लगेच घ्या. तीनच मोकळ्या असतील तर ज्या दोन काढल्याने उंच ढीग किंवा लांब रांग उघडते त्या निवडा. दोन सारख्या वस्तू रेषेने जोडायच्या प्रकारात रेषेला जास्तीत जास्त दोन वळणं चालतात. तिथे आधी कडा मोकळ्या करा, कारण बाहेरून जाणारी वाट सगळ्यांना उपयोगी पडते.

ब्राउझरमुळे येणाऱ्या अडचणी

जुना आवडता खेळ उघडतच नसेल तर तो बहुधा फ्लॅश या जुन्या ब्राउझर-तंत्रावर बनलेला असावा. अडोबीने फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणं बंद केलं. असे खेळ आता रफल या एम्युलेटरवर (फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालवता येतात, पण सगळेच नीट चालत नाहीत. ‘खेळण्यासाठी फ्लॅश डाउनलोड करा’ असं कुणी आज सांगत असेल तर ते पान बंद करा.

खातं न उघडता खेळत असाल तर तुमची प्रगती सहसा त्याच ब्राउझरच्या साठवणीत असते. ब्राउझिंग डेटा साफ केला, खाजगी विंडोत खेळलात किंवा दुसरा ब्राउझर उघडलात की खेळ पहिल्या लेव्हलपासून सुरू होतो. डेटा साफ करताना कुकीज आणि साइट डेटाची खूण काढून ठेवा, किंवा खेळाची साइट अपवादात टाका.

क्लिक एका वस्तूवर आणि निवड शेजारच्या वस्तूची, असं होत असेल तर बहुधा पानाचा झूम बिघडलेला असतो. कंट्रोल आणि शून्य एकत्र दाबून तो १०० टक्क्यांवर आणा आणि पान रिफ्रेश करा. आवाज सुरुवातीला येत नसेल तर पानावर एकदा क्लिक करा. बरेच ब्राउझर त्याआधी आवाज वाजू देत नाहीत. टॅब बदललात की ब्राउझर मागच्या पानाचं चित्र हलवणं थांबवतो, पण खेळाचं घड्याळ थांबेलच असं नाही. वेळेची लेव्हल चालू असताना टॅब बदलायचा असेल तर आधी पॉज दाबा. खेळ अडखळत असेल तर जास्तीचे टॅब बंद करा आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सेलरेशन (चित्रं काढायचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवणारा पर्याय) चालू आहे का ते बघा. फोनवर कडेच्या स्तंभातली वस्तू ओढताना पान मागे जात असेल तर ओढू नका. आधी एका वस्तूवर आणि मग शेजारच्या वस्तूवर टॅप केलं तरी बऱ्याच खेळांत अदलाबदल होते.